वीस हजार शॉर्ट, बावीस हजार आठशे खर्च

२६ सप्टेंबर २०२३, मंगळवार. घरोघरचे दहा दिवसांचे गणपती अजून बसलेले, दोन हजारांच्या नोटा बदलून घ्यायची मुदत त्या शनिवारी संपणार असलेली, आणि डोंबिवलीतल्या आमच्या शाखेत कॅश काउंटरची रांग बाहेर एटीएमच्या दारापर्यंत गेलेली. (मुदत पुढे ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण ते त्या दिवशी ना रांगेला माहीत, ना मला.) नियम सोपा होता. एका वेळी वीस हजारांपर्यंत. गुलाबी दहा नोटा घ्यायच्या, पाचशेच्या चाळीस द्यायच्या. दिवसभर हेच. संध्याकाळी कॅश टॅली करायला बसलो तर वीस हजार शॉर्ट. बरोबर वीस हजार. म्हणजे कुठेतरी दहा नोटा न घेताच चाळीस दिल्या होत्या, नाहीतर एकाच माणसाला दोनदा दिल्या होत्या.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझी कॅश पन्नास-शंभराच्या वर कधी शॉर्ट गेली नव्हती. आमच्याकडे पद्धत अशी की शॉर्ट असेल ते कॅशियरने भरायचं. त्याच संध्याकाळी भरले. दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही पाहिला, त्यात माझं टक्कल आणि गिऱ्हाइकांचे खांदे स्वच्छ दिसत होते, नोटा मात्र दिसत नव्हत्या. साहेब म्हणाले, ‘गर्दीत होतं हो असं.’ इथवर सगळं ठीकच होतं. मग चहाच्या वेळी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान एक सहकारी म्हणाला, ‘काय काका, वहिनींना दिवाळीची पैठणी आत्ताच का?’

सगळे हसले. शिपाई हसला, चहा आणणारा पोरगा हसला. मीही हसलो.

हे सगळं आज इतकं ओळीने सांगता येतंय, पण तेव्हा हा विनोद माझ्या लक्षातही राहिला नव्हता. लक्षात राहिले ते वीस हजार. ऑक्टोबरपासून मी शंभर नोटांचं पाकीट मशीनमधून काढल्यावर हाताने मोजायला लागलो, मग पुन्हा हाताने. रांग खोळंबायची, लोक चिडायचे, चिडले की माझं बोट अडखळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. स्ट्राँगरूम बंद करून निघालो की रिक्षा स्टँडवरून परत यायचो. चावी दोघांकडे असते, जॉइंट कस्टडी. दुसरा माणूस बरोबर असायचा, त्याने डोळ्यांदेखत कुलूप ओढून पाहिलेलं असायचं, तरीही. घरी आल्यावर गॅसची कॉक. रात्री तीनला जाग यायची आणि तोंड असं कोरडं पडलेलं असायचं की जीभ टाळूला चिकटावी. बायको म्हणायची, ‘अहो, गेले ते पैसे, सोडा ना आता.’ मी म्हणायचो, ‘सोडलेच आहेत.’ खरंच वाटायचं की सोडलेत.

डिसेंबरात एका दुपारी काउंटरवर छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, आणि काचेपलीकडची बाई काय बोलतेय ते ऐकूच येईना. मी ड्रॉवर उघडा टाकून उठलो. कॅशियर ड्रॉवर उघडा टाकून उठत नाही. ईसीजी नॉर्मल आला, थायरॉइड नॉर्मल आलं, शुगर काठावर. आमचे फॅमिली डॉक्टर तीस वर्षांपासूनचे, त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, ‘हार्टचं काही नाही. तू सायकियाट्रिस्टकडे जा. लाजू नकोस, मी पण गेलो होतो.’ हे दुसरं वाक्य नसतं तर मी गेलो नसतो.

मनोविकारतज्ज्ञांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं. एस्सिटालोप्रॅमची छोटी गोळी दिली. असर यायला दोन-चार आठवडे लागतील, पहिले काही दिवस पोटात ढवळल्यासारखं होईल, मनाने बंद करू नका, असं सांगितलं. आणि म्हणाले, गोळीने पाया सावरेल, पण बोलायला कोणीतरी हवं, समुपदेशन सुरू करा. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती पाहायची. साध्या समुपदेशकाला ती असतेच असं नाही, मग शिक्षण कुठे झालं, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे सरळ विचारायचं. ‘तुम्ही केवायसी करता ना, तसंच,’ असं म्हणाले. मला ते आवडलं.

दरम्यान शाखेतल्या एका मित्राने माझा ताबा घेतला होता. तो विवेकनिष्ठ विचारसरणीवाला. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस, म्हणजे ही पद्धत काढणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, घरोघरी पोचला तो मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांचा एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि मराठीतून त्यांनी हा विषय असा मांडला की आमच्यासारख्या बँकवाल्यांनाही तो पाठ झाला. मित्राने चहाच्या कपाखालच्या कागदावर लिहून दिलं: घटना, त्यावरचा विचार, त्याचा परिणाम. घटनेने त्रास होत नाही, विचाराने होतो. ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ हा तुझा अविवेकी हट्ट, तो सोड. मला पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. आणि रात्री तीनला मी जागाच, आता वर आणखी एक काळजी की पटूनही फरक का पडत नाही. मित्राला दोष नाही. त्या पद्धतीने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत. माझंच तेव्हा असं झालं होतं की मला आणखी एक बरोबर उत्तर मिळालं होतं आणि मी त्यातही नापास होत होतो.

त्याच दिवसांत एका रात्री १४४१६ लावला. टेलि-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासूनची. बाल्कनीत उभं राहून, दार लावून. पलीकडून मराठीत एक बाई बोलल्या. नाव सांगायची गरज नाही म्हणाल्या. मी वीस-पंचवीस मिनिटं नोटांचाच हिशेब सांगत बसलो असेन. शेवटी त्या म्हणाल्या, ‘खूप दिवस एकटेच मोजताय.’ फोन ठेवल्यावर मी झोपलो, एवढं आठवतं.

तर १३ जानेवारी २०२४, दुसरा शनिवार. बँकवाल्यांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, त्यामुळे माझ्या बरं होण्याचं कॅलेंडरही तेच. स्लो लोकल, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय, त्यामुळे ‘समुपदेशन’ म्हटल्यावर ठाणेकर भुवया उंचावत नाहीत. मी मात्र ओळखीचं कोणी भेटेल म्हणून तिथे जायचं टाळलं आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या नौपाड्यातल्या एका खासगी समुपदेशक बाईंकडे गेलो. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास.

खोलीचं वर्णन करतो, कारण पहिले तीन शनिवार मी खोलीच पाहत होतो. वेताच्या दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हेत, थोड्या तिरक्या, म्हणजे नजर मिळवायची तर मिळवता येईल आणि टाळायची तर खिडकीतून बाहेर बघता येईल. मध्ये टेबल नाही. हे मला फार विचित्र वाटलं. आयुष्यभर मी काचेमागे बसलेला माणूस. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे ते त्यांना दिसे, मला नाही. फरशा आडव्या अकरा, उभ्या चौदा. हो, मोजल्या.

बाई पस्तिशीच्या असतील. मी त्यांना काय म्हणू हे विचारलं, त्या म्हणाल्या, तुम्हाला सोयीचं वाटेल ते. मग ‘मॅडम’च राहिलं. त्या मला ‘तुम्ही’ म्हणत, काका नाही, सर नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. अपवाद दोनच, माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर, आणि कोर्टाने मागितलं तर. आपल्या कामाबद्दल त्या एका ज्येष्ठ थेरपिस्टशी बोलतात, पण नाव-गाव न सांगता. पन्नास मिनिटं, बाराशे रुपये, परवडत नसेल तर सांगा. माझ्या आरोग्य विम्यात ओपीडी नव्हती, त्यामुळे खिशातून. मी म्हटलं, परवडतं. मग विचारलं, ‘किती सिटिंग लागतील?’ त्या म्हणाल्या, ‘मला आत्ता माहीत नाही. आपण बघत जाऊ.’

मला राग आला. डॉक्टरांना माहीत असतं, बँकेला मुदत ठेवीची तारीख माहीत असते, आणि यांना माहीत नाही.

पुढचे दोन शनिवार तर पैसे वाया चालल्यासारखेच वाटले. मी सांगायचो, त्या ऐकायच्या, आणि मध्येच माझंच काहीतरी मला परत द्यायच्या. मी म्हणायचो, ‘कुलूप लावलंय हे माहीत असतं, तरी पाय वळतात.’ त्या म्हणायच्या, ‘डोक्याला खात्री असते, पायांना नसते.’ मी म्हणायचो, ‘तेच तर सांगतोय.’ घरी येऊन बायकोला म्हटलं, ‘बाराशे रुपयांत आपलंच वाक्य परत मिळतं, वर जीएसटी नाही एवढंच.’ ती म्हणाली, ‘मी फुकट परत देते, तेव्हा ऐकता का?’

तिसऱ्या वेळी मी स्पष्टच विचारलं. ‘मॅडम, मी काय करू ते सांगा. तुम्ही एवढं शिकलात, काहीतरी उपाय असेल ना?’ त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला वाटतंय की उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते देत नाहीये.’ मी म्हटलं, हो. ‘आणि त्याचा राग येतोय.’ मी म्हटलं, नाही, राग कसला. आणि मग, काय झालं देव जाणे, ‘हो, येतोय’ असं म्हणालो. त्यांना वाईट वाटलं नाही, त्या सारवासारव करत बसल्या नाहीत, ‘मी समजू शकते’ वगैरे म्हणाल्या नाहीत. नुसती मान हलवली, जशी पावसाची बातमी ऐकून हलवावी. तुमच्यावर राग येतोय असं एखाद्या माणसाला तोंडावर सांगून पुढच्या क्षणी तो माणूस तितक्याच आपुलकीने समोर बसलेला मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

समुपदेशन हा शब्द बघा. सम् अधिक उपदेशन. शब्दातच उपदेश बसलाय, आणि या बाईंनी सात महिन्यांत एक उपदेश केला नाही. शब्द ज्याने कोणी पाडला त्याला त्यांच्याकडे पाठवायला हवं.

चौथ्या की पाचव्या शनिवारी तो विनोद बाहेर आला. असाच, ओघात. कोण काय म्हणालं, पैठणी, सगळे हसले, मीही हसलो, आणि मग मी पुढे सीसीटीव्हीवर गेलो. त्यांनी मला थांबवलं नाही, पण माझं वाक्य संपल्यावर हळूच म्हणाल्या, ‘तुम्हीही हसलात.’

‘हो, म्हणजे... हसायचंच ना. चेष्टा होती.’

‘हं.’

नंतर त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पंखा फिरत होता. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी मोजायला लागलो, सवयीने, पंखा किंवा किक, काहीतरी, आणि मोजता येईना, कारण घसा आवळला होता. किती वेळ गेला ते घड्याळ पाठीमागे असल्यामुळे सांगता येत नाही. शेवटी माझ्या तोंडून आलं ते असं: ‘मी चोर नाही हे मला सांगायचं होतं, आणि मी हसलो.’

आणि मग रडलो. कॅशियर लोक रडले तरी रुमाल घडी घालून ठेवतात, तशी घडी घालत रडलो.

इथे कोणीही दुसरं असतं तर म्हणालं असतं, ‘अहो, तुम्ही चोर नाही हे सगळ्यांना माहीत आहे.’ बायको म्हणाली असती, साहेब म्हणाले असते. प्रेमानेच म्हणाले असते. आणि मी म्हटलं असतं, हो हो, आणि रुमाल खिशात. या बाईंनी मला निर्दोष ठरवलं नाही. हे मला नंतर घरी जाताना, कळव्याच्या खाडीवर, लक्षात आलं. त्यांनी प्रमाणपत्र दिलंच नाही, कारण त्यांनी आरोपच ठेवला नव्हता. उद्या मी खरंच वीस हजार घेतले असते, तरी त्या तशाच बसल्या असत्या, असं मला वाटलं, आणि त्या वाटण्याने जरा भीतीही वाटली.

पुढच्या शनिवारी मी तयारी करून गेलो. आठवडाभर विचार करून मला ‘कारण’ सापडलं होतं. माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर. संगमनेर डेपो, अकोले-राजूर लाइन. १९८३ साली, मी अकरा वर्षांचा असताना, लाइन चेकिंगवाल्यांनी गाडी थांबवली, तिकिटांचा ट्रे, वे-बिल आणि रोकड ताडून पाहिली आणि कॅश चौदा रुपये कमी निघाली. अण्णा सस्पेंड झाले. काही महिन्यांनी परत घेतलं, पण तोवर गावात व्हायचं ते झालं होतं. पारावर कोणीतरी म्हणायचं, ‘कंडक्टरसाहेब, चौदा रुपयांत चहा पाजा की.’ अण्णा हसायचे. हे सगळं मी बाईंपुढे मांडलं, वडील शॉर्ट, मुलगा शॉर्ट, वडील हसले, मुलगा हसला, आणि मागे टेकून बसलो. टॅली झालं होतं. आता तरी त्या म्हणतील, वा!

त्या म्हणाल्या, ‘हे दोन्ही जोडताना तुम्हाला खूप हलकं वाटलेलं दिसतंय.’ आणि मग, ‘आणि अण्णा हसताना बघून त्या अकरा वर्षांच्या मुलाला काय वाटायचं?’

त्याचं उत्तर माझ्या तयारीत नव्हतं. ते उत्तर इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की मला अण्णांची दया येत होती अशी माझी चाळीस वर्षांची समजूत होती, आणि ती दया नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचा शनिवार. मार्चमधला. मी साहेबांबद्दल काहीतरी सांगत होतो, बऱ्याच बारकाव्यांनिशी, आणि बाई मध्येच म्हणाल्या, ‘माफ करा. मघाशी क्षणभर माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. तुम्ही साहेबांच्या फोनबद्दल सांगत होतात, तिथून पुढचं माझ्याकडून निसटलं. परत सांगाल?’

मला कळलंही नसतं. त्यांची नजर माझ्यावरच होती, मान हलत होती. त्या गप्प बसल्या असत्या तर हे कोणत्याही सीसीटीव्हीत सापडलं नसतं. तरी त्यांनी सांगितलं. ‘माझ्याकडून निसटलं.’ आवाजात लाज नव्हती, घाई नव्हती, सबब नव्हती. मी तो भाग परत सांगितला. जग जसंच्या तसं होतं. स्कूटरवाला आज नव्हता, फोडणीचा वास होता. माणसाकडून काहीतरी निसटतं, तो ते सांगतो, आणि पुढे चालू लागतो. आमच्या धंद्यात याला तीन व्हाउचर आणि एक खुलासा लागतो.

यानंतर मी वाचायला लागलो. कार्ल रॉजर्स, जन्म १९०२, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, बाईंच्या या ऐकण्याच्या पद्धतीमागचा माणूस. विशेष म्हणजे हा माणूस कॉलेजात आधी शेती शिकायला गेला होता. लहानपणी त्यांच्या शेतावरच्या घरात तळघरात थंडीसाठी बटाटे साठवलेले असत, आणि अंधारात त्यांना पांढुरके कोंब फुटून ते वरच्या छोट्या खिडकीतल्या उजेडाकडे हातभर वाढत. त्या कोंबांचं झाड कधीच होणार नव्हतं, तरी ते उजेडाकडेच जात. रॉजर्सला माणसंही तशीच वाटली. आमच्या घरात बटाट्याला कोंब आले की बायको ते खुडून रस्सा करते, त्यामुळे मी या दृष्टीने कधी पाहिलं नव्हतं.

१९४०च्या दशकात त्याने दोन गोष्टी केल्या. समोरच्याला ‘रुग्ण’ म्हणायचं सोडून ‘क्लायंट’ म्हणायला लागला (मराठीत अशील म्हणावं तर कोर्टात गेल्यासारखं वाटतं, म्हणून आपल्याकडेही क्लायंटच), आणि थेरपीची संभाषणं रेकॉर्ड करून तपासायला लागला. बंद खोलीत काय चालतं ते उघडं केलं. ऑडिटच म्हणा. मग १९५७ साली एका लेखात माणूस बदलायला काय लागतं याच्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन थेरपिस्टच्या वाट्याच्या: तो आत-बाहेर एक असावा, समोरच्याला विनाअट स्वीकारणारा असावा, आणि समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणारा असावा. या तिसऱ्या गोष्टीला कोणी समानुभूती म्हणतं, कोणी तदनुभूती. सहानुभूती नव्हे. सहानुभूती मला बँकेत भरपूर मिळाली होती. मार्चमधल्या शनिवारी माझ्यासमोर पहिली अट बसली होती, हे मला वाचल्यावर कळलं.

रॉजर्स आणि एलिस या दोघांनी एकाच बाईंशी बोलतानाचं १९६०च्या दशकातलं चित्रीकरण आहे, ते मी मित्राला दाखवलं. एलिस धो धो बोलतो, रॉजर्स जेमतेम. मित्र म्हणाला, ‘बघ, एलिसने वीस मिनिटांत केवढं दिलं.’ मी म्हटलं, ‘हो, आणि ती बाई कधी बोलली?’ आमचं यावर अजून एकमत नाही. चहा मात्र तोच पाजतो.

एक मान्य केलं पाहिजे. बोलून बोलून माझी झोप आली, काउंटरवरची धडधड गेली, पण कुलूप परत जाऊन बघायची सवय गेली नाही. एप्रिलमध्ये बाई स्वतःच म्हणाल्या की या गोष्टीसाठी दुसऱ्या पद्धतीचा जास्त उपयोग होतो आणि ती त्यांची खासियत नाही, आपण डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चार वेळा पाठवलं. तिथे सगळं उलटं. उपदेश, तक्ते, गृहपाठ. कुलूप एकदाच ओढायचं आणि निघायचं. परत जावंसं वाटेल, जायचं नाही. अस्वस्थता किती ते शंभरपैकी लिहायचं आणि ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी रिक्षा स्टँडवर मी ऐंशी लिहिलं आणि पाऊण तास नुसता उभा राहिलो. रिक्षावाल्याने तीनदा विचारलं, ‘काका, येताय का?’ उतरली, ऐंशीची तीस झाली. दोन्ही पद्धती लागल्या. फक्त मला असं वाटतं की आधी तक्ता हातात दिला असता तर मी त्यातही पैकीच्या पैकी मार्क मिळवायला गेलो असतो.

आठ आठवडे दर शनिवारी, कामाच्या शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ घेऊन. मग दुसरा आणि चौथा. शेवटचा १० ऑगस्ट. थांबायचं मीच सुचवलं, त्यांनी विचारलं की ते सुचवताना कसं वाटतंय. मी म्हटलं, थोडं खातं बंद केल्यासारखं. त्या हसल्या. एकूण एकोणीस वेळा. एकोणीस गुणिले बाराशे, बावीस हजार आठशे. कॅश शॉर्ट वीस हजार. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हिशेब सुटला नाही म्हणायचा.’ मी म्हटलं, ‘सुटला असता तर नोकरी गेली असती.’ गोळी डॉक्टरांनी त्यानंतरही काही महिने चालू ठेवली, मग हळूहळू कमी करत बंद केली.

त्या वीस हजारांचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. त्या सहकाऱ्याशी मी बोललो. मोठं काही नाही. जूनमध्ये एकदा लंच रूममध्ये म्हटलं, ‘पैठणीवरून तू म्हणालास ते मला लागलं होतं.’ तो म्हणाला, ‘कुठली पैठणी?’ त्याला खरोखर आठवत नव्हतं. पूर्वीचा मी हसून ‘जाऊ दे’ म्हणालो असतो. मी कुठली ते सांगितलं. त्याचा घास हातात राहिला. ‘सॉरी काका,’ म्हणाला. मग आम्ही दोघं जेवलो, तो जरा घाईने.

ऑगस्टच्या अखेरीस गावी गेलो होतो. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू नीट येतं, गुडघे धरलेत. ओट्यावर बसून बियाण्यासाठी ठेवलेल्या शेंगा फोडत होते, बोटं अजून तिकीट फाडल्यासारखी चालतात. मी शेजारी बसलो, मीही फोडायला लागलो. बराच वेळ पाऊस, मूग, शेजाऱ्यांची विहीर असं झालं. मग मी विचारलं, ‘अण्णा, तेव्हा कॅश चौदा रुपये कमी निघाली म्हणून तुम्हाला घरी बसवलं होतं ना?’

ते काही बोलले नाहीत. शेंगा फुटत राहिल्या. माझ्या ओठावर आलंच होतं, जाऊ द्या अण्णा, किती वर्षं झाली त्याला. मी ते गिळलं आणि आणखी चार शेंगा फोडल्या.

‘चौदा नाही,’ अण्णा म्हणाले. ‘अकरा रुपये साठ पैसे.’

आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं.